खंडेनवमीची दुपार

चेन मोजायच्या गेजचं टोक आपल्या वजनानेच खाली जातं. काका ते दाबत नाहीत. दोन बोटांत सैल धरून नुसतं टेकवतात, आणि ०.७५ कोरलेली बाजू चेनच्या कड्यांमध्ये टक् करून बसते.

"बसली, ताई."

नव्या चेनवर ही बाजू वरच अडून राहते. माझ्या चेनवर ती तळाला टेकली आहे. तरी काकांचं समाधान होत नाही. गेज रोलरचा ढिलेपणाही झिजेत धरतं, म्हणून ते खिशातून स्टीलची फूटपट्टी काढतात, एका पिनच्या मधोमध शून्य धरतात आणि चोवीस जोड पुढे बोट ठेवतात. सायकलच्या चेनचा एक जोड अर्ध्या इंचाचा, म्हणजे चोवीस जोडांना बरोबर एक फूट भरायला हवा. माझी पिन बाराच्या रेघेपलीकडे गेली आहे.

"पाऊण सूत."

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. पाऊण सूत म्हणजे दोन मिलिमीटरांहून थोडं जास्त. एवढंसंच. पण चेन ताणली जात नाही, स्टील असं ताणलं जात नसतं. प्रत्येक जोडातली पिन आणि तिच्याभोवतीची कड एकमेकींना खात राहतात. माझ्या चेनला ११४ जोड आहेत. प्रत्येकात केसाच्या जाडीएवढी झीज धरली तरी सगळी मिळून चेन सेंटिमीटरभर लांब होते. जून ते सप्टेंबर मी पानशेतच्या बाजूच्या मुरमाच्या वाटांवरून ही सायकल चालवली. दर रविवारी घरी आल्यावर चेनला तेल घातलं, पण आधी ती पुसली नाही. तेलात दगडाची पूड मिसळली की त्याचं वंगण राहत नाही, कानस होते. काका मला रागवत नाहीत. चेनवरून बोट फिरवून त्या बोटाचा काळा लगदा मला दाखवतात आणि चिंधीला पुसतात.

सिंहगड रस्त्याला लागून असलेल्या एका गल्लीत हे गॅरेज आहे. शटर उघडलं की दहा बाय बाराची खोली, आणि तिच्यापुढे तेवढीच फरशी. बाहेर झेंडूचे ढीग लागलेत, शेवंती आहे, आपट्याच्या डहाळ्यांचे भारे आहेत. आज खंडेनवमी. तिन्हीसांजेला हत्यारं पूजेला बसतील, आणि एकदा बसली की उद्या दसऱ्याची संध्याकाळ होईपर्यंत त्यांना कुणी हात लावणार नाही. म्हणजे माझी सायकल आज व्हायला हवी, नाहीतर परवा. काकू कोपऱ्यात पाटावर लाल कापड अंथरून बसल्या आहेत. शेजारी रॉकेलची परात. ज्या हत्याराचं काम संपेल ते काका परातीत टाकतात. काकू ते ब्रशने घासतात, कोरडं करतात, तेलाचं बोट लावतात आणि पाटावर मांडतात. दुपारचे अडीच वाजलेत. पाटावर आत्ता फक्त हातोडी आणि दोन पकडी आहेत.

चेन तुटते, म्हणजे कटरने एक पिन ढकलून काका ती सोडवतात. मग मागचं चाक उतरवून कॅसेट उजेडाकडे धरतात. दहा चकत्या. कडेच्या चकत्यांचे दाते अजून अंगाने भरलेले आहेत, पण मधल्या तीन चकत्यांचे एका बाजूला कललेत, शेंडे अणकुचीदार झालेत. माझं चढणीवरचं वळण त्यांत स्पष्ट वाचता येतं: याच तीन गिअरांवर मी आठ वर्षं पाय मारत आले आहे.

"नवी चेन यांच्यावर बसणार नाही. जोर लावला की उडी मारेल," काका म्हणतात. "चेन अर्ध्यावर असतानाच बदलली असती तर या कॅसेटनं अजून दोन चेना काढल्या असत्या."

हे ऐकताना मला मनापासून वाईट वाटतं. खर्चाचं आहेच, पण त्याहून जास्त या तीन चकत्यांचं. त्या मला कधी काही कमी पडू देत नव्हत्या.

मी येताना एक ठरवून आले होते. पुढच्या दोन चकत्या आणि पुढचा डिरेलर काढून टाकायचा. पुढे एकच चकती, मागे मोठी कॅसेट. आता बहुतेक नव्या माउंटन बाइक अशाच येतात. पुढच्या चकतीचा एक दाता जाड, एक बारीक असतो. चेनची कडीही एक रुंद, एक अरुंद असते. दोन्ही एकमेकींत अशा गच्च बसतात की खडकाळ उतारावरही चेन पडत नाही. एक केबल कमी, एक शिफ्टर कमी, चिखल अडकायची एक जागा कमी. मी हे सगळं काकांना सांगते. कॅसेट बदलायचीच आहे, तर आत्ताच करून टाकू.

काका खडू घेतात आणि फरशीवर लिहितात. २२ भागिले ३६, बरोबर ०.६१. त्याखाली ३० भागिले ४२, बरोबर ०.७१.

"पहिला तुमचा आत्ताचा सगळ्यात हलका गिअर. दुसरा तुम्ही म्हणताय त्यातला. तुमचं चाक एका फेरीत सव्वादोन मीटरच्या वर जातं. म्हणजे आत्ता पेडलच्या एका फेरीत तुम्ही एक मीटर चाळीस जाता. मग एक मीटर त्रेसष्ट जायला लागेल. सिंहगडाच्या शेवटच्या वळणांवर, ताई, दर फेरीला हे तेवीस सेंटिमीटर कोण ओढणार?"

मी खडूच्या आकड्यांकडे बघत बसते. गोळेवाडीपासून वर जाताना मी त्याच बावीसच्या चकतीवर असते, पाठीवर पाणी आणि डबा असतो, आणि दोनदा तरी श्वास पुरत नाही. एकच चकती हवीशी वाटली ती दुसऱ्यांच्या नव्या सायकली बघून. माझ्या गुडघ्यांनी ती मागितलेली नाही. मी मान हलवते आणि म्हणते, "आहे तशीच द्या. अकरा-छत्तीस."

काका खोक्यातून तशीच कॅसेट काढतात, चाकावर सरकवतात, लॉकरिंग हाताने फिरवून बसवतात आणि टॉर्क रेंच घेतात. चाळीस न्यूटन मीटर. शेवटच्या फेऱ्यांना लॉकरिंगखालचे बारीक दाते कर्र, कर्र करत आवळले जातात, मग रेंच टिक् म्हणतो. ते चाक हातात धरून उलटं फिरवतात. आतली फ्रीव्हीलची टिकटिक बराच वेळ चालू राहते. शिमानो कंपनीने १९२१ साली जपानमधल्या साकाई गावात सुरुवात केली ती फ्रीव्हील बनवण्यापासून. काकांना ते साल ठाऊक आहे, कारण तिथूनच सगळं सुरू झालं असं ते शिकाऊ पोरांना सांगतात. रेंच परातीत जात नाही. अजून लागणार आहे.

मध्येच एक मुलगा येऊन उभा राहतो. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याची सायकल सकाळपासून इथेच आहे, हेडसेटला ग्रीस भरायला फोर्क खाली उतरवून ठेवलाय. पुढे तीन चकत्या, मागे आठ, केबलवर चालणारे डिस्क ब्रेक, स्प्रिंगचा जडशीळ फोर्क. घरून दिवाळीचे दहा हजार आधीच मिळालेत आणि त्याला त्या पैशात हवेवरचा फोर्क घ्यायचाय. एक जुना पण चांगला मिळतोय.

"काका, बसेल ना याच्यात?"

काका व्हर्नियर घेतात आणि फ्रेमच्या पुढच्या नळीचा आतला व्यास मोजतात. "चव्वेचाळीस. बसेल. खालचा कप बाहेरून घ्यावा लागेल."

मुलाचा चेहरा उजळतो.

"थांब. त्या फोर्कला ॲक्सल कुठला आहे?"

"थ्रू-ॲक्सल. पंधराचा."

"आणि तुझं चाक नऊचं, क्विक रिलीजचं. मग हब बदलायचं. हब बदलायचं म्हणजे सगळ्या तारा उपसून चाक पुन्हा विणायचं, नाहीतर चाकच नवं. हे झाले तुझे दहाचे पंधरा. आणि मग तू आणखी जोरात खाली येणार." काका त्याच्या सायकलच्या मागच्या ब्रेकचा लिव्हर दाबतात. तो थेट हँडलच्या ग्रिपला टेकतो. मग टायरवर नख ओढतात. मधल्या गुठळ्या झिजून रबर गुळगुळीत झालंय. "थांबणार कशावर?"

मुलगा गप्प राहतो. मी त्या वयाची असते तर मीही अशीच गप्प राहिले असते. चकाकणारी वस्तू एकीकडे आणि न दिसणारी झीज दुसरीकडे. काका त्याला उपदेश करत नाहीत. त्याच्या खांद्यावर कोपर टेकून म्हणतात, "बाळा, तुझ्या पैशात हायड्रॉलिक ब्रेकचा जोड आणि दोन चांगले टायर होतील. हे घेऊन एक हिवाळा चालव. फोर्क कुठे पळत नाही."

मुलगा स्टूल ओढून बसतो. आता आम्ही दोघं बघतोय.

माझे ब्रेक. काका पॅड काढून तळहातावर ठेवतात. पाठीच्या पत्र्यावर मसाला अर्धा मिलिमीटरही उरलेला नाही, आणि मधल्या स्प्रिंगच्या कडेला एक चकचकीत रेघ उमटली आहे. ती डिस्कला घासू लागली होती. गेल्या रविवारी उतारावर जो किर्र आवाज येत होता तो हाच. मला वाटलं होतं, चिखल असेल. डिस्कची जाडी व्हर्नियरमध्ये १.६ भरते. नवी असताना १.८ असते, आणि किमान १.५ असं तिच्या अंगावरच कोरलेलं आहे. हा हिवाळा निघेल. पॅड कुठले घालायचे यावर आमचं फार बोलणं होत नाही: पावसात आणि दगडाच्या राडीत रेझिनचे पॅड बघता बघता संपतात, मेटलचे टिकतात, थोडा आवाज करतात. फक्त काही डिस्कवर 'फक्त रेझिन पॅड' अशी सूचना असते, तिथे मेटलचे घालायचे नाहीत. काका माझी डिस्क उजेडात तिरपी करून गोल वाचतात. तसं काही लिहिलेलं नाही.

मग तेल. काकांच्या फळीवर सिरिंजांचे दोन डबे आहेत, एकाला हिरवी चिकटपट्टी, एकाला लाल. हिरव्यात मिनरल ऑइलच्या, लालमध्ये डॉटच्या. माझ्या ब्रेकला मिनरल ऑइल लागतं; भिंतीला टांगलेल्या दुसऱ्या एका सायकलीला डॉट. चुकून एकाचं दुसऱ्यात गेलं तर आतली रबरी सीलं फुगतात आणि ब्रेक जातो. म्हणून काका डब्यांची जागाही बदलू देत नाहीत, काकूंनाही नाही.

लिव्हरच्या डोक्यावरचा बारीक स्क्रू काढून तिथे छोटं फनेल बसतं. खाली कॅलिपरला सिरिंज. काका सिरिंजचा दट्ट्या अगदी सावकाश ढकलतात आणि गुलाबी तेल नळीतून वर चढू लागतं. फनेलमध्ये आधी जुनं तेल येतं, राखाडी, पावसाळी डबक्यासारखं. मग त्यात एक गुलाबी दोरा दिसतो, मग रंग बदलत जातो. आणि मग बुडबुडे. पहिला वाटाण्याएवढा, सरळ वर येऊन फुटतो. काका हँडल थोडं तिरकं करतात, पान्याच्या मुठीने कॅलिपरवर टकटक करतात, ब्रेकची नळी बोटाने खालून वर टिचकावत येतात. मोहरीएवढे चार येतात. काका लिव्हर हलकेच दाबून सोडतात. टाचणीच्या डोक्याएवढा आणखी एक निघतो आणि कडेला चिकटून बसतो. मुलगा वाकून बघतो. कुणी बोलत नाही. हवा दाबली जाते, तेल दाबलं जात नाही, म्हणून हा टाचणीएवढा बुडबुडा तिथे राहिला तर उतारावर लिव्हर हातात मऊ लागणार. काका पुन्हा टकटक करतात. तो सुटतो.

"आता दाबा."

मी दाबते. लिव्हर अर्ध्यावर जाऊन भिंतीला टेकावा तसा थांबतो.

टायरचं काम भराभर होतं. दोन्ही टायर ट्यूबलेस आहेत. वेड्या बाभळीच्या काट्यांनी मला तीन वर्षांपूर्वीच ट्यूबा सोडायला लावल्या. एक काटा मागच्या टायरात अजून रुतलेला आहे. काका तो पकडीने उपसतात (पकड पाटावरून उचलताना काकू त्यांच्याकडे बघतात, ते मान खाली घालतात). छिद्रातून दुधासारखा थेंब यायला हवा. येत नाही, नुसती हवा सुटते. आतलं सीलंट उन्हाळ्यातच वाळून गेलंय. टायर फाकवल्यावर रबराचे पापुद्रे निघतात. दोन-तीन महिन्यांनी ते पुन्हा भरावं लागतं हे मला माहीत होतं. व्हॉल्वमधून प्रत्येकी शंभर मिली जातं, चाक फिरतं, त्या छिद्रापाशी पांढरा ठिपका येऊन थिजतो.

फोर्क मात्र मला घाबरवतो. काका हवा सोडतात, तळाचे बोल्ट सैल करून रबरी हातोडीने ठोकतात आणि खालचे पाय ओढून काढतात. आतून जे वाहतं ते तेल नाही. दुधाच्या चहासारखं, फेसाळ. चार महिन्यांचं पाणी सीलमधून आत गेलंय. वरच्या कडेला स्पंजची एक कडी असते, तिने तेल धरून ठेवायचं आणि नळीला प्रत्येक हालचालीत पुसायचं. ती कडी पिळल्यावर काळं पाणी येतं. पन्नास तास चालवल्यावर एवढं काम करावं, असा या फोर्कांचा साधारण नियम आहे. पावसाळ्यात माझे पन्नास तास ऑगस्टमध्येच संपले असणार. काका आतल्या नळ्यांवरून नखाची कड वरपासून खालपर्यंत फिरवतात, डोळे मिटून. ओरखडा असता तर नवं सीलही कापलं गेलं असतं आणि मग फोर्कच बदलायचा.

"वाचलात," ते म्हणतात, आणि माझा श्वास सुटतो.

नवी सीलं, नव्या कड्या, ताजं तेल. मग हवा भरून मला सायकलवर बसवतात. नळीवरची रबरी रिंग खाली सरकवून ठेवलेली आहे. मी बसून उतरते तेव्हा ती २२ मिलिमीटरवर थांबलेली असते. शंभराच्या फोर्कला माझ्यासाठी एवढं बरोबर.

शेवटी मागचं हब. कोनचे पातळ पाने निघतात, ॲक्सल बाहेर येतो आणि काकांच्या ओंजळीत छर्रे पडतात. एका बाजूचे नऊ, दुसऱ्या बाजूचे नऊ. रॉकेलमध्ये धुऊन ते कागदावर मांडले जातात. काका एकेक उचलून बघतात. चमक गेलेले, डाग पडलेले बाजूला. सात असे निघतात, आणि तेव्हा ते अठराही नवे घेतात, कारण जुने आणि नवे एका घरात नांदत नाहीत. हबच्या वाटीत ग्रीसचं बोट फिरतं, पिवळं, घट्ट, आणि छर्रे त्यात एकेक करून रुतून बसतात.

मी त्या मुलाला सांगते की या सगळ्या खेळाच्या सुरुवातीला असंच ग्रीस आहे. कॅलिफोर्नियात मरिन काउंटीमध्ये फेअरफॅक्स नावाचं गाव आहे. तिथल्या पोरांनी १९७०च्या दशकात तीस-चाळीस वर्षांच्या जुन्या, जाड टायरांच्या सायकली डोंगरावर नेल्या. २१ ऑक्टोबर १९७६ला त्यांची पहिली शर्यत झाली. दोन मैलांच्या आत तेराशे फूट उतार. ब्रेक एकच, पेडल उलटं मारलं की मागच्या हबमध्ये लागणारा. खाली पोचेपर्यंत हब इतकं तापायचं की आतल्या ग्रीसचा धूर व्हायचा, आणि प्रत्येक फेरीनंतर ते पुन्हा भरावं लागायचं. पुन्हा भरणं, म्हणून त्या उताराचं नाव रिपॅक पडलं.

काका मान वर न करता ऐकतात. "म्हणजे ओव्हरऑइलिंगच करत होते," ते म्हणतात.

हा शब्द मी लहानपणानंतर पहिल्यांदा ऐकते. दर उन्हाळ्याच्या सुट्टीत बाबा सायकल 'ओव्हरऑइलिंग'ला टाकायचे. काकांचा हात काळ्या, दांडीच्या सायकलींवर बसला. त्या सायकलीत गिअर नव्हते, फोर्कमध्ये हवा नव्हती, ब्रेकमध्ये तेल नव्हतं. पण कोन किती आवळायचा हे त्यांच्या चिमटीला तिथेच कळलं. आता ते चाक ॲक्सलवर तोलून बोटाच्या एका धक्क्याने फिरवतात. कोन घट्ट असेल तर खरखर, सैल असेल तर डुगडुग. पाव फेरी मागे, परत धक्का. चाक फिरत राहतं, व्हॉल्वच्या वजनाने शेवटी मागेपुढे झुलतं आणि व्हॉल्व खाली येऊन थांबतं.

गल्लीत दिवे लागतात. पाट भरत आलाय. कटर, कोनचे पाने, टॉर्क रेंच, व्हर्नियर, ॲलन-की लहानापासून मोठीपर्यंत ओळीने. चारची आहे, सहाची आहे, आणि दोघींच्या मधे एका किल्लीची जागा काकूंनी मोकळी ठेवली आहे. पाचची काकांच्या खिशात आहे.

"जा, पॅड बसवून आणा. वीस वेळा. एकदम दाबायचा नाही."

नवे पॅड आणि डिस्क यांची ओळख व्हावी लागते. वेग घ्यायचा, ब्रेक हळूहळू धरायचा, चालण्याच्या गतीवर आणायचा, सोडायचा, पुन्हा. गल्लीच्या टोकाला थोडा उतार आहे, मी तिथून सुरुवात करते. झेंडूच्या ढिगांमधून, रिक्षा चुकवत. पहिल्या पाच वेळा सायकल जवळजवळ थांबतच नाही, नुसता सूं असा आवाज येतो. आठव्याला काहीतरी धरल्यासारखं वाटतं. तेराव्याला लिव्हरवर एक बोट पुरतं. चेन पायाखाली आहे हे मला कळतही नाही, एवढी ती गप्प आहे. विसावं वळण घेऊन मी परत येते, आणि मला ऐकू येतं: पुढच्या चाकातून, प्रत्येक फेरीला एकदा, बारीक टिस्.

काकांनाही ऐकू येतं. मी उतरायच्या आत ते गुडघ्यावर बसलेत. पाचची किल्ली लावून कॅलिपरचे दोन बोल्ट पाव फेरी सैल करतात. "धरा ब्रेक." मी धरते, कॅलिपर आपणहून डिस्कच्या मधोमध सरकतो. एक बोल्ट थोडा, दुसरा थोडा, पहिला पुन्हा. "सोडा." मुलगा चाक उचलून फिरवतो. आम्ही तिघं कान देतो. बाहेर कुणीतरी आपट्याचा भाव विचारतंय.

काका किल्ली काकूंच्या हातात देतात. त्या ती रॉकेलमध्ये बुडवतात, पुसतात, तेलाचं बोट लावतात आणि चार-सहाच्या मधे ठेवतात. मग हळदीची वाटी पुढे ओढतात.